गेम डिझायनर दिवसभर करतो काय?

प्रो कबड्डी लीगमध्ये एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद. नियम एका ओळीचा, पण त्याची करामत पाहण्यासारखी आहे. आघाडीवर असलेल्या संघाला वेळ काढायचा असतो. त्यासाठी चढाईपटूने पलीकडे जायचं, निदान रेषा ओलांडायची, कुणाच्या हाती न लागता ३० सेकंदांतले जमतील तेवढे खर्ची घालायचे आणि परत यायचं, एवढं पुरतं. त्यात गैर काही नाही. खेळाडू आपल्या संघाच्या हिताचंच करत असतो, जांभया येतात त्या प्रेक्षकांना. ‘जोमाने खेळा’ असं सांगून हे बदलत नाही. तिसरी चढाई निर्णायक केली की बदलतं, कारण आता वेळ काढण्याला किंमत मोजावी लागते. तीच गोष्ट ‘सुपर टॅकल’ची, म्हणजे आपली वर्तमानपत्रं जिला अव्वल पकड म्हणतात तिची. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर एक गुण जादा. कबड्डीत गडी बाद होत गेले की संघ दुबळा होतो आणि दुबळा झाला की आणखी गडी जातात. लोण चढेपर्यंतचा हा उतार फार निसरडा. एका जादा गुणाने त्या उतारावर पाय रोवायला जागा मिळाली, आणि तीनच गडी दिसले म्हणून बेफिकिरीने आत शिरणाऱ्या चढाईपटूला दोनदा विचार करणं भाग पडलं.

हे नियम ज्यांनी आखले त्यांनी गेम डिझायनरचंच काम केलं. त्यात संगणक नव्हता, चित्रं नव्हती, कथा नव्हती. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. कारण ‘गेम डिझायनर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ढाल-तलवारवाला नायक, त्याचं जग, त्याची गोष्ट. त्यातला नायक चित्रकार काढतो, त्याला चालवतो अॅनिमेटर, तलवार शत्रूला लागली की नाही हे ठरवणारा कोड प्रोग्रॅमर लिहितो. डिझायनरच्या हाती उरतात नियम आणि आकडे: उडी किती उंच, शत्रूला दिसतं किती लांबचं, हरल्यावर परत कुठून सुरुवात, बक्षीस केव्हा आणि किती. त्याला हवी असते मात्र खेळणाऱ्याच्या मनातली भीती, चुरस, हुरूप. भीती थेट लिहिता येत नाही. नियम लिहायचे आणि ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्यातून भीती निपजते का ते पाहायचं, एवढंच शक्य असतं. नियम आपल्या ताब्यात आणि परिणाम परक्याच्या मनात, या दोहोंमधलं अंतर कापणं हीच ही नोकरी. तिचं सगळं कंटाळवाणं, चिकट, खरं स्वरूप या एका गोष्टीतून येतं.

निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. त्याचा पहिला टप्पा या धंद्यात आजही पाठासारखा शिकवला जातो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्यात एकही सूचना लिहिलेली नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं उजवीकडे. चार पावलांवर एक रागीट चेहऱ्याचा प्राणी, गूम्बा, अंगावर चालून येतो. त्याला धडकलं की मरण, पण ते अगदी सुरुवातीलाच आलेलं असल्यामुळे नुकसान काहीच नाही. पुन्हा सुरू केलं की हात आपोआप उडीच्या बटणाकडे जातो. वर प्रश्नचिन्हाची लुकलुकणारी वीट, तिला खालून धडक दिली की बक्षीस. मग एका विटेतून मशरूम बाहेर पडतं, आणि इथे खरी अडचण होती. ते काहीसं त्या गूम्बासारखंच दिसतं. खेळणारा घाबरून पळाला तर मशरूम चांगलं असतं हे त्याला कळणार कसं? म्हणून ते आधी उजवीकडे जातं, नळाला आपटून उलटं फिरतं आणि खेळणाऱ्याच्या दिशेने येतं. उडी मारून चुकवू पाहणारा वरच्या विटांना आपटतो आणि मशरूम त्याला लागतंच. मारिओ मोठा होतो, धडा मिळाला. गूम्बा मुळात आराखड्यात नव्हता. पहिला शत्रू म्हणून कासव अवघड पडतं असं लक्षात आलं तेव्हा तो शेवटी शेवटी घातला गेला. तोवर कार्ट्रिजमधली जागा संपत आलेली, म्हणून एकच चित्र आलटून पालटून आरशातल्यासारखं उलटवून त्याला चालवलं. मियामोतोंची प्रतिभा वादातीत आहे. पण नवख्याला काय अवघड जातं हे त्यांनाही आगाऊ दिसलं नव्हतं.

ते दिसण्यासाठी खेळ परक्यांच्या हाती देऊन पाहावा लागतो, त्यालाच परीक्षण म्हणतात. त्याला वेळच मिळाला नाही तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अटारीचा ‘ई. टी.’. १९८२ च्या नाताळात तो दुकानांत यायलाच हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना सुमारे पाच आठवडे मिळाले. हा माणूस कच्चा नव्हता. त्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ अटारीच्या उत्तम खेळांत गणला जातो. ‘ई. टी.’मध्ये कल्पनाही होती. पण खेळणारे खड्ड्यात पडायचे, बाहेर यायचे आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडायचे. खेळ अनोळखी माणसांच्या हाती देऊन बघायला फुरसत असती, तर हे पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. न विकलेली कार्ट्रिजेस न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो इथे पुरण्यात आली आणि २०१४ मध्ये उकरून काढण्यात आली.

आकड्यांचं काम याहून कोरडं वाटतं आणि डिझायनरच्या दिवसाचा मोठा वाटा तेच खातं. एक साधा हिशेब करून पाहा. शत्रूची ताकद १००, तलवारीच्या एका घावाने २० जाते, म्हणजे पाच घावांत तो पडतो. आता खेळणाऱ्याने कष्टाने नाणी जमवून तलवार सुधारली आणि घाव २४ चा झाला. कागदावर २० टक्के वाढ. प्रत्यक्षात चार घावांनंतरही शत्रूची ४ ताकद उरते, म्हणजे पाचवा घाव लागतोच. खेळणाऱ्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, त्याला फसवल्यासारखं वाटतं. आता घाव २५ चा करा: एकाच आकड्याची वाढ, पण शत्रू चार घावांत पडतो आणि तलवार जादूची वाटू लागते. अशा शेकडो राशी एक्सेलच्या तक्त्यात मांडून, एक हलवली की बाकीच्यांवर काय परिणाम होतो ते पाहत बसावं लागतं. ‘हेलो ३’मध्ये स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदांवरून ०.७ सेकंद करण्यात आला. जेमी ग्रीसेमर या डिझायनरने २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या एकाच बदलावर अख्खं भाषण दिलं. लांबून मारायचं ते शस्त्र जवळच्या झटापटीतही सगळ्यांना भारी पडत होतं. ते दुबळं न करता जवळ वापरणं अवघड करायचं, हा त्यामागचा पेच होता.

बरं, गणित चोख असलं तरी माणूस गणिताने खेळत नाही. ‘सिव्हिलायझेशन’कार सिड मायर यांनी सांगितलेला अनुभव असा: लढाईत खेळणाऱ्याची बाजू शत्रूच्या तिप्पट बळकट असेल, तर चारातून एकदा तो हरणार हे उघड आहे. पण हरला की तो चिडतो, खेळात गडबड आहे म्हणतो. उलट शत्रू तिप्पट असताना आपण जिंकलो तर तक्रार नाही, ते आपलं कौशल्य! मग डिझायनरने गणित बरोबर ठेवायचं की वाटणं बरोबर ठेवायचं? मायर यांच्या चमूने वाटण्याला झुकतं माप दिलं. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या खेळातही कड्यावरून पाय सुटल्यानंतर क्षणभर उडी मारू दिली जाते. खेळणाऱ्याला ही सूट कळतही नाही, त्याला फक्त आपण चपळ आहोत असं वाटतं. याला कुणी लबाडी म्हणेल. मला ती यजमानाने पाहुण्यासाठी घेतलेली काळजी वाटते, मात्र पैसे लावायच्या खेळात हीच हातचलाखी केली तर ती निखळ फसवणूक होते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मोठ्या स्टुडिओत हे काम अनेकांत वाटलेलं असतं. कुणी फक्त टप्पे रचतो, कुणी लढाईचे नियम, कुणी नाण्यांची आवकजावक, कुणी संवाद आणि कथेचे फाटे. वाटणी कशीही असली तरी प्रत्येकाला लिहावं लागतं, आणि हे लिखाण सर्जनशील म्हणतात तसलं नव्हे. ‘दार उघडताना शत्रू आला तर?’ ‘दोघांनी एकाच क्षणी तीच वस्तू उचलली तर?’ ‘मध्येच फोन आला तर?’ असल्या प्रश्नांची निःसंदिग्ध उत्तरं प्रोग्रॅमरला लेखी लागतात. शिवाय तुमच्या एका बदलाने चित्रकाराचं आठवड्याचं काम फुकट जाणार असतं, ते त्याला पटवून द्यावं लागतं, आणि कित्येकदा पटत नाही. ज्याला स्वच्छ मराठी किंवा इंग्रजी परिच्छेद लिहिता येत नाही आणि ज्याला ‘तुझी ही कल्पना चालत नाहीये’ हे ऐकवत नाही, त्याने या वाटेला जाण्याआधी थोडं थांबावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अहो, पण कल्पनाच नसेल तर तपासणार काय? कल्पना लागते, मान्य. तिचं मोल किती, हे २०१४ सालच्या एका प्रकरणात स्पष्ट दिसलं. आशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी ‘थ्रीज’ नावाचा आकडे सरकवायचा छोटासा खेळ फेब्रुवारीत आणला. तो घडवायला सुमारे १४ महिने लागले होते. महिन्याभरात त्याच्या नकला आल्या, आणि त्या नकलांवरून गाब्रिएले चिरुल्ली या तरुणाने शनिवार-रविवारात केलेला ‘२०४८’ जगभर पसरला. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी मग आपला सगळा पत्रव्यवहार आणि टाकून दिलेले आराखडे लोकांपुढे ठेवले. आज पाहिलं तर शेवटचे नियम इतके साधे की कुणालाही सुचतील असे वाटतात. मधल्या काळात कर्ते हा खेळ चित्रविचित्र गुंतागुंतीने भरत राहिले आणि पुन्हा रिकामा करत राहिले. सापडलेला नियम उचलायला एक सुट्टी पुरते, तो सापडायला वर्ष लागतं. अन्याय झाला का? झाला. पण स्टुडिओ पगार देतो तो त्या वर्षभराच्या शोधासाठी, हेही त्यातूनच कळतं. ‘माझ्याकडे भन्नाट आयडिया आहे’ असं म्हणत दार ठोठावणाऱ्याला कुणी आत घेत नाही, कारण आत बसलेल्या प्रत्येकाकडे तशा दहा पडलेल्या असतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. सतत खेळणाऱ्यांना विचारत बसलं तर सगळे खेळ गुळगुळीत, एकसारखे होणार नाहीत का? होतील, आणि मोबाइलवर पुष्कळ झालेही आहेत. इथे विचारणं आणि पाहणं यांत फरक करावा लागतो. खेळणारा ‘हा राक्षस सोपा करा’ म्हणतो, तेव्हा त्याचा त्रास खरा असतो, पण त्याने सुचवलेला इलाज बहुधा चुकीचा. कदाचित राक्षस ठीक असेल आणि त्याचा वार येतोय हे दिसतच नसेल. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये हिदेताका मियाझाकी यांनी खेळणाऱ्याला वारंवार मरू दिलं, आणि तो खेळ सोपा नसण्यामुळेच लोकप्रिय झाला. तिथे शत्रूचा पवित्रा दिसतो, चूक कुठे झाली ते कळतं, म्हणून माणूस पुन्हा उठतो. परीक्षण केल्याने ‘काय घडतंय’ ते कळतं. काय घडायला हवं हे डिझायनरलाच ठरवावं लागतं. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने येतात. हे मुळात यंत्राच्या कमकुवतपणामुळे होत होतं, कमी आकृत्या काढायच्या असल्या की ते भरभर काढायचं. निशिकादोंनी ते दुरुस्त केलं नाही. तो निर्णय कुठल्याही आकडेवारीने घेतला नसता. हाच मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेला लागू आहे: ती नियमांचे पन्नास नमुने क्षणात देईल, त्यांतला कोणता ठेवायचा हा प्रश्न पन्नासपट होऊन माणसापुढे येईल.

आपल्याला हे काम मानवेल का, हे घरबसल्या, फुकट तपासता येतं. सापशिडीचा पट घ्या. या खेळात खेळणारा एकही निर्णय घेत नाही. फासा टाकतो आणि सांगितलेल्या घरात जातो. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात ते शोभायचं, कारण तिथे शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. तुम्ही त्यात एक निर्णय घाला. समजा, दोन फासे टाकायचे आणि त्यांतला एक निवडून चालायचं. खेळून पाहिल्यावर ध्यानात येईल की आता साप जवळजवळ चावतच नाही. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडण्याची वेळ सहातून एकदाच येते, एरवी पर्याय असतो आणि शहाणा माणूस साप टाळतो. शंभरावर नेमकं पोचणंही सोपं होतं. निर्णय आला आणि भीती गेली! मग दुसरी दुरुस्ती: न निवडलेला फासा पुढच्या खेळाडूला लागू, त्याची सोंगटी तेवढी घरं तिथल्या तिथे पुढे सरकवायची. आता माझ्यासाठी ५ चांगला, पण उरलेल्या २ ने शेजाऱ्याला शिडी मिळते. माझा ५ सोडून २ घेतला तर तो सापाच्या तोंडी जातो. इथे जीव आला. पण चौघे खेळायला बसले की नवा घोटाळा होतो. तुमचं नशीब तुमच्या आधी खेळणाऱ्याच्या हाती जातं, आणि तो दुष्ट असेल तर तुम्ही काहीही न करता हरता. मग बसण्याची जागा दर फेरीला बदलायची? उरलेला फासा कुणालाही देता यावा? तसं केलं तर सगळे मिळून पुढे असलेल्याला खाली ओढतील, आणि खेळ संपता संपणार नाही. शिवाय सहा वर्षांचं पोर या पटावर बसणार असेल, तर त्याला मुद्दाम सापाकडे ढकलणारा नियम घरात चालेल का?

हे नियम एका कागदावर लिहा आणि तुम्हाला ओळखत नसलेल्या चार माणसांना द्या. स्वतः शेजारी गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत अवघड असतं. ते नियम चुकीचे वाचतील, तुम्ही गृहीत धरलेलं काही त्यांना माहीतच नसेल, आणि तुमची जीभ चुळबुळ करेल. बोललात की प्रयोग फुकट गेला, कारण खेळ विकल्यावर तुम्ही प्रत्येक घरी समजावायला जाणार नाही. कोण कुठे अडखळलं, कोण कुठे फोन पाहू लागलं, कुठे हसलं ते टिपून ठेवा. रात्री कागद बदला, दुसऱ्या दिवशी नवी माणसं शोधा. महिनाभर हे करूनही कंटाळा आला नाही, उलट ‘नेमकं कुठे बिनसतंय’ हा विचार डोक्यातून जाईना, तर तुमच्यात या कामाला लागणारी वृत्ती आहे. रात्ररात्र गेम खेळता येणं ही ती वृत्ती नव्हे. खूप खेळलेल्या माणसाची जाण नक्की वाढते, पण खेळण्यात त्याचं लक्ष जिंकण्याकडे असतं आणि इथे दुसऱ्याच्या हरण्याकडे शांतपणे पाहायचं असतं.

पुढचा टप्पा संगणकाचा. गोडो हे गेम बनवायचं इंजिन पूर्णपणे मोफत आहे, युनिटी आणि अनरिअल शिकायलाही पैसे लागत नाहीत. थोडं प्रोग्रॅमिंग यायलाच हवं, निदान स्वतःचा कच्चा नमुना स्वतः उभा करता येण्याइतकं. एरिक बरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने केला हे खरं आहे, पण त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला आणि चित्रं, संगीत, कोड सगळं त्यांचंच होतं. ते उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून पहिलाच खेळ अवाढव्य योजू नका. पाच मिनिटांत संपणारे, पण खरोखर पुरे झालेले तीन खेळ, आणि प्रत्येकात कोणता नियम का बदलला याची पानभर नोंद, हे नोकरी मागताना अर्धवट महाकाव्यापेक्षा जास्त कामाला येतं. महाराष्ट्रात संधी नाहीत असं नाही. ‘राजी’ हा २०२० साली आलेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, ‘लुडो किंग’ नवी मुंबईतून निघाला, युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. तरीही सुरुवातीच्या जागा थोड्या असतात, आणि पुष्कळ जण परीक्षण विभागातून किंवा प्रोग्रॅमिंगमधून डिझाइनकडे वळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या कंपन्यांमधल्या चांगल्या पगाराच्या जागा त्यासोबत गेल्या, तेव्हा जुन्या जाहिरातींतले पगाराचे आकडे आता धरून चालू नका.

राहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, तिथे प्रवेश परीक्षा कडक असते. खासगी संस्था मात्र गल्लोगल्ली निघाल्या आहेत आणि त्यांची फी लाखांत असते. पैसे भरण्याआधी एकच करा: मागच्या दोन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले खेळ मागा, ते घरी आणून स्वतः खेळा, आणि दाखवायला एकही पुरा खेळ नसेल तर तिथे प्रवेश घेऊ नका.